खंडेनवमीचं तेल

चौकशी समितीच्या अहवालाचा पहिला परिच्छेद असा आहे:

'नाव: श्रीमती मेघा देवराव गजभिये. वय: एकोणचाळीस. राहणार: हुडकेश्वर, नागपूर. पद: सामग्रीप्रमुख, स्कूबा विभाग. बांधा: मजबूत. केस: कोरडे. आवाज: आवश्यकतेपेक्षा मोठा. संस्थेच्या परंपरांविषयी आस्था: आढळून आली नाही. सदर व्यक्ती संस्थेची श्वसनसामग्री हाताळण्यास अपात्र असल्याबाबत समितीचे एकमत झाले.'

यातलं केसांचं तेवढं खरं आहे. मेघाचे केस कोरडे असतात. आमच्या जलक्रीडा मंडळात सिलिंडरमध्ये नायट्रॉक्स वायू भरायचं ठरलं की आदल्या दिवसापासून ती डोक्याला तेल लावत नाही, हातांना क्रीम लावत नाही आणि सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीकडे बघतसुद्धा नाही. नागपुरात राहून तर्री सोडणाऱ्या माणसाच्या निष्ठेबद्दल खरं तर वेगळी चौकशी नको. समितीनं मात्र केसांवरून एवढाच निष्कर्ष काढला की बाईला नीटनेटकेपणाची आवड नाही.

तिची आई प्रेमिलाबाई हिचंही साधारण तेच म्हणणं आहे. "झाडू करून ठेवला वं डोक्याचा. लोकं मले विचारते, पोरीले तेल मिळत नाही का घरी."

"सांगत जाय न, मिळते म्हणून. तिच्या सिलिंडरले चालत नाही."

"सिलिंडरसंग लग्न लागलं तुह्यं."

"त्यानं कधी हुंडा नाही मागतला, माय."

नागपूरहून कुठल्याही दिशेनं निघालं तरी समुद्र रात्रभराच्या प्रवासापेक्षा जवळ येत नाही. तरीही इथले लोक स्कूबा शिकतात. दातांचे डॉक्टर, बँकेतले अधिकारी, नुकतीच लग्नं झालेली जोडपी आमच्या तलावाच्या खोल बाजूला पाठीवर सिलिंडर बांधून बसतात, बुडबुडे सोडतात, आणि हिवाळ्यात मालवणला जाऊन मासे बघून येतात. साध्या सिलिंडरमध्ये आपण सगळे घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. नायट्रॉक्स म्हणजे त्याच हवेत ऑक्सिजन वाढवलेला: शंभरात एकवीस भाग असतो तो बत्तीस करायचा. त्या मानानं नायट्रोजन कमी होतो, अंगात कमी मुरतो, आणि माणसाला खाली जास्त वेळ थांबता येतं.

या जगात फुकट काही नाही. ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेलं की हाच वाढीव ऑक्सिजन विषासारखा बाधतो. म्हणून नायट्रॉक्सच्या सिलिंडरला हिरवा-पिवळा पट्टा असतो आणि त्यावर एक चिकटपट्टी: आत ऑक्सिजन किती, कुठवर खोल जायचं, आणि मोजला कोणी. मोजायचा पाण्यात उतरणाऱ्यानं, स्वतः. एका हाडांच्या डॉक्टरांनी एकदा मेघाला सांगितलं, "तुम्ही मोजलाय ना, मग झालं." मेघानं त्यांच्या पाठीवरचं सिलिंडर काढून खाली ठेवलं. "डॉक्टरसाहेब, दुसऱ्यानं एक्स-रे पाहिला म्हणून तुम्ही प्लास्टर घालता का?" डॉक्टरांनी मोजला. तेव्हापासून ते तिचं नाव आदरानं घेतात, आणि थोडं दबकून.

आता भरण्याविषयी. आमच्याकडे आधी सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि मग वरून गाळलेली हवा भरतात. म्हणजे सुरुवातीचा काही वेळ सिलिंडरचं तोंड, तिथला व्हॉल्व्ह आणि त्यातल्या रबरी कड्या यांची गाठ निव्वळ ऑक्सिजनशी पडते, तीही मोठ्या दाबाखाली. अशा जागी तेलाचा अंश असला तर काडी लावावी लागत नाही. अरुंद तोंडातून वायू घुसताना जी उष्णता होते तेवढी पुरते. म्हणून ही सामग्री वेगळी धुतात, वेगळी ठेवतात, तिला साधं ग्रीसही लावत नाहीत, आणि नॉब उघडतात तो दुधावरची साय काढल्यासारखा, हळू.

हे काही मेघापाशी असलेलं गुपित नव्हतं. भिंतीवर मराठीत फलक होता: 'ऑक्सिजनजवळ तेल नाही'. त्याचं अनावरण मंडळाचे अध्यक्ष भैयाजी यांच्याच हस्ते झालं होतं. टाळ्याही वाजल्या होत्या.

मेघा वाढली कोराडीच्या कर्मचारी वसाहतीत. वडील देवराव वीज केंद्रात वेल्डर. घरात मुलांना दोन गोष्टी लहानपणीच पाठ झाल्या होत्या: त्रिसरण, आणि तेलकट हात ऑक्सिजनच्या नळकांड्याला लावायचा नाही. पुढे ती राज्य पातळीवर पोहली, यंत्रांची पदविका घेतली, आणि अंदमानात एका डायव्हिंग केंद्रावर सामग्री सांभाळायला गेली. देवराव वारले, प्रेमिलाबाईंचे गुडघे गेले, तेव्हा परत आली. तिला मंडळात भैयाजींनीच आणलं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "रुसत नाही न वं तू?" ती म्हणाली, "रुसत नाही. चिडतो." नागपूरकडच्या बायका स्वतःबद्दल अशा बोलल्या की भैयाजींना बरं वाटतं. त्यांनी तिथल्या तिथे नेमणूक केली. हे अहवालात नाही.

भैयाजींविषयी वाईट लिहिणं कठीण आहे. लकडगंजात त्यांची आरा मशीन आहे. लाकूड चिरण्यात जन्म गेला. बोटं सगळी शाबूत आहेत, आणि त्या धंद्यात ही गोष्ट पदवीपेक्षा मोठी. त्यांचं एक वचन मंडळात सगळ्यांना पाठ आहे: "मशीनले तेल अन् माणसाले मान." दोन्ही वेळच्या वेळी दिलं की काही बिघडत नाही, असा त्यांचा अनुभव. दर खंडेनवमीला ते मंडळातल्या झाडून साऱ्या वस्तूंची पूजा करतात. पाण्याचा पंप, गाळणीची जाळी, जीवरक्षकाची शिटी, सगळ्यांना कुंकू लागतं, झेंडू मिळतो. मेघा आल्यापासून सिलिंडरही मांडली जायची. ती स्वतः स्वच्छ पांढरं कापड अंथरून द्यायची. कुंकू पोटाला, हार खांद्याला, तोंडाला हात नाही. दोन वर्षं असं बिनबोभाट चाललं.

यंदा नायट्रॉक्ससाठी नवी खोली बांधली गेली. दसऱ्याला उद्घाटन ठरलं. पत्रिका छापल्या, फ्लेक्स लागला, आणि कार्यक्रमाचा कळस असा की मुहूर्तावर भैयाजी स्वतःच्या हातानं ऑक्सिजनचा नॉब उघडून पहिलं सिलिंडर भरणार.

खंडेनवमीला दुपारी मेघा नव्या खोलीत शिरली आणि दारातच थांबली. झेंडूचा वास होता. त्याच्याखाली तिळाच्या तेलाचा वास होता. आठ हिरवी-पिवळी सिलिंडर ओळीनं उभी, आणि आठही व्हॉल्व्ह नव्या नवरीच्या गालासारखे चकाकत होते.

"भैयाजी, हे कोणं केलं?"

"मीच केलं वं, कोण करन?" भैयाजींनी हात पुढे केले. बोटंही चकाकत होती. "तूच म्हटलं होतं न, तीन नंबरचा व्हॉल्व्ह घट्ट फिरते म्हणून. उद्या एवढी लोकं येऊन राहिली, त् म्हटलं एकेक खोलून नीट तेल देऊन टाकू. लाकडी घाणीचं तेल आहे, बिलकूल भेसळ नाही."

"खोलून? आतून?"

"आतून. वरवर काम नाही करत मी."

मेघा तिथंच जमिनीवर बसली. भैयाजींना वाटलं तिला चक्कर आली. त्यांनी पाणी मागवलं.

"उद्या भरता येणार नाही, भैयाजी. एकबी नाही."

"काहून?"

"तेल आहे."

"पुसून टाक मंग."

"पुसून जात नाही. सारं खोलून धुवा लागते, कड्या बदलवा लागते, मंग तपासून घ्या लागते. बाहेर पाठवा लागन."

"चाळीस वर्षं झाले, आरा मशीनले तेल देऊन राहिलो मी. एकदा नाही पेटली."

"आरा मशीनमधून लाकूड जाते, भैयाजी. ऑक्सिजन नाही जात."

इतक्यात मंडळाचे सचिव शरच्चंद्र हरकरे आले. हरकरे निवृत्त अधिकारी. घराण्याची नोकरी भोसल्यांच्या दफ्तरापासूनची आहे, असं ते ओळख करून देतानाच सांगतात. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे भैयाजींची पूर्ण आणि मेघाची अर्धी.

"पूजा करा," मेघा म्हणत होती, "हार घाला, नारळ बाहेर फोडा, फीत कापा. फक्त भरू नका."

"भरल्याशिवाय उद्घाटन कसलं?" हरकरे म्हणाले. मग आवाज मऊ करून, "हे बघा मेघाताई, तुमच्यात शस्त्रपूजा नसते हे आम्ही समजू शकतो. पण आमच्या भावनांचाही..."

'तुमच्यात' हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. मुद्द्याला उत्तर नसलं की मुद्दा मांडणाऱ्याच्या घराचा पत्ता शोधायला तो कामी येतो. तेल आणि ऑक्सिजन यांचं वैर १९५६ साली दीक्षाभूमीवर सुरू झालं नाही. ते त्याच्या फार आधीपासून चालू आहे आणि दोन्ही पक्षांनी धर्म बदललेला नाही. दोन वर्षं पूजेचं कापड अंथरून देणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं, आणि खोलीत उभ्या असलेल्या सुशिक्षित लोकांपैकी कोणाच्याही कपाळावर आठी आली नाही.

मेघा उठली. "सर, माझ्यात काय असते अन् काय नसते ते राहू द्या. सिलिंडरमध्ये काय आहे ते पाहा."

हे तिनं मोठ्यानं म्हटलं. अहवालातला 'आवाज' तो हा.

भैयाजी दुखावल्यासारखे बाहेर गेले. बाहेर फोटोवाला आला होता आणि उद्या कुठं उभं राहायचं ते दाखवत होता. "नॉब एकदम जोरात फिरवा भैयाजी, ॲक्शन आली पाहिजे." भैयाजी हवेत हात फिरवून दाखवत होते. मेघा त्यांच्यामागे गेली आणि म्हणाली, "भैयाजी, उद्या तुमचं तोंड त्या नळीच्या वर राहीन. ऐका माझं." भैयाजी फोटोवाल्याला विचारत होते की फेटा बांधू की टोपी घालू.

मग मेघानं तिला जमणारी गोष्ट केली. सिलिंडर रिकामी असल्याची खात्री केली, पाना घेतला, आणि हरकरे बघत असताना आठही व्हॉल्व्ह काढले. ऑक्सिजनची नळीही काढली. सगळं स्वच्छ फडक्यात बांधून स्कूटीच्या डिकीत ठेवलं. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश टाकला: 'आठही व्हॉल्व्ह माझ्याकडे आहेत. आत तेल लागलेलं आहे. कोणीही भरू नये. मेघा गजभिये.' त्यावर सदस्यांनी आपट्याच्या पानांची चित्रं टाकली. कोणी 'आपणांसही' असं लिहिलं. एवढा स्पष्ट मजकूर आमच्या गटावर वर्षभरात कोणी टाकला नव्हता, आणि तो वाचला कोणीच नाही.

हरकऱ्यांनी वाचला होता. पण ते म्हणाले, रागाच्या भरात नेलंय, सकाळी आणून लावेल. बायका असं करतात.

दसऱ्याला सकाळी मेघा आईला घेऊन दीक्षाभूमीला गेली. पांढऱ्या साड्यांच्या त्या गर्दीत प्रेमिलाबाईंचे गुडघे सांभाळत चालणं हेच एक काम होतं, आणि फोन लागत नव्हता. इकडे मंडळात पाहुणे जमले, सनई लागली, पडदा बाजूला झाला, आणि आतून आठ सिलिंडर निघाली, हार घातलेली, तोंडं उघडी, देवासमोर मांडलेल्या रिकाम्या कळशांसारखी. भैयाजींनी फेटा बांधला होता. ते कॅमेऱ्याकडे हसत पहिल्या सिलिंडरपाशी गेले, हात पुढे केला, आणि फिरवायला काही सापडेना. फोटोवाल्यानं फोटो काढला. तो गटावर आला, आणि तो मात्र सर्वांनी पाहिला.

त्या दुपारी तक्रार दाखल झाली. विषय: 'सामग्रीची परस्पर विल्हेवाट, अध्यक्षांचा जाहीर अवमान व सदस्यांच्या भावना दुखावणे'. समिती नेमली गेली. अध्यक्ष शरच्चंद्र हरकरे, म्हणजे ज्यांच्या समोर व्हॉल्व्ह काढले तेच. सदस्य यमुताई, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि सुमंत वकील. मेघाची नोकरी राहायची की जायची ते या तिघांनी ठरवायचं होतं. सुनावणी खुली होती. आम्ही सदस्य मागे बसलो होतो. मेघानं व्हॉल्व्ह फडक्यात बांधूनच आणले होते आणि टेबलावर ठेवले. ते उघडून बघावेत असं कोणाला वाटलं नाही.

यमुताई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "मेघा, करोनात याच ऑक्सिजननं माणसं वाचली. त्याच्यासाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहिले. त्याला तू धोकादायक म्हणतेस?"

"आग बी त्याच्यावरच जगते, ताई."

"तू आवाज चढवलास?"

"चढवला."

"का?"

"हळू आवाजात सांगून झालं होतं."

सुमंत वकिलांनी चष्मा काढला. "स्फोट झाला असता, याला पुरावा काय?"

"झाला नाही, म्हणून नाही."

"म्हणजे पुरावा नाही."

"साहेब, पुरावा पाहिजे असन त् एक व्हॉल्व्ह लावतो, ऑक्सिजन सोडतो. तुम्ही नॉब फिरवा. मी बाहेर उभी राहतो."

मागे कोणीतरी हसलं. वकिलांनी 'पुरावा नाही' असं लिहून घेतलं आणि नॉब फिरवायच्या प्रस्तावाची नोंद केली नाही.

निकाल लागायच्या आधी भैयाजी हुडकेश्वरला मेघाच्या घरी आले. एकटेच. प्रेमिलाबाईंनी खुर्ची दिली, चहा ठेवला. बराच वेळ ते घराच्या छताकडे, तिथल्या लाकडाच्या प्रतीकडे बघत राहिले.

"मेघा, एक खरं सांगजो. उडालो असतो का मी?"

"माहीत नाही, भैयाजी."

"माहीत नाही म्हंजे?"

"कधी काहीच नाही होत. कधी व्हॉल्व्ह पेटते, पितळ वितळते, अन् समोर जो असन त्याच्या तोंडावर येते. कोणत्या दिवशी ते आधी नाही समजत. समजलं असतं त् मीच तुम्हाले मुहूर्त काढून देला असता."

भैयाजींनी कप बशीत ठेवला. "मंग मले सांगाचं होतं न वं."

"सांगितलं. तुम्ही फेट्याचं विचारून राहिले होते."

प्रेमिलाबाई दारात उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या एकदा उभ्या राहिल्या की बसत नाहीत, आणि एकदा बोलायला लागल्या की थांबत नाहीत.

"भैयाजी, तक्रार वापस घेता का मंग?"

"घेतली असती, बाई. पण लोकं म्हणन, भैयाजी भेला."

"अन् तुम्ही भेले असं लोकांनं म्हणू नाही म्हणून माह्या पोरीनं घरी बसाचं? तिनं तुमचं तोंड वाचवलं, गा. फोटोत हासत दिसते न तुम्ही? दिसते कारण तोंड आहे."

"माय," मेघा म्हणाली.

"काहून माय? मी हळू बोलून राहिली. हे हळूच आहे."

भैयाजींनी उरलेला चहा पिऊन टाकला, हात जोडले आणि गेले. जाताना फाटक करकरलं तेव्हा सवयीनं थांबले, बोटानं बिजागरी चाचपली, आणि काही न लावता निघाले. तक्रार त्यांनी मागे घेतली नाही. पुढच्या बैठकीलाही आले नाहीत. पाठवला तो निरोप असा: समिती जे ठरवेल ते मान्य. चांगली माणसं एवढंच करतात, आणि वाईट माणसांचं त्यावर भागतं.

समितीनं मेघाकडे माफीनामा मागितला. तिनं दिला. त्यात होतं: 'माझा आवाज मोठा होता, त्याबद्दल दिलगीर आहे. व्हॉल्व्ह काढल्याबद्दल नाही.' समितीनं तो अपुरा ठरवला.

मग अहवाल आला. तुम्ही वर वाचलेलं वर्णन पहिल्या पानावर. चौथ्या कलमात असं म्हटलं की मेघा गजभिये यांनी मांडलेली भीती निराधार, अतिरंजित व पुराव्याविना होती. पाचव्या कलमात असं म्हटलं की आठही सिलिंडर व व्हॉल्व्ह तेल काढून टाकण्यासाठी तातडीनं बाहेर पाठवावेत आणि ते तपासून परत येईपर्यंत कोणीही, कोणत्याही परिस्थितीत, त्यांत ऑक्सिजन भरू नये. दोन्ही कलमांखाली त्याच तीन सह्या आहेत. चौथ्यापासून पाचव्यापर्यंत जाताना त्या तिघांना वाटेत काही लागलं कसं नाही, हे मी अजून समजून घेऊन राहिलो आहे.

सहाव्या कलमानुसार मेघाचं सामग्रीप्रमुख हे पद काढून घेण्यात आलं. नोकरी ठेवली, कारण मालवणची सहल तोंडावर होती. आता ती 'मदतनीस' आहे. मदत कोणाला करायची ते लिहिलेलं नाही, कारण त्या विभागात दुसरं कोणी नाही. तिच्या पदमुक्तीचा ठराव वाचून झाल्यावर यमुताईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "माझा नातू जातोय गं मालवणला. त्याचं सिलिंडर तूच बघशील ना?"

"तो स्वतः मोजन, ताई," मेघा म्हणाली. "मी शिकवतो त्याले."

व्हॉल्व्ह धुऊन, नव्या कड्या घालून परत आले. सोबतच्या कागदावर आठपैकी पाचांमध्ये आतवर तेल सापडल्याचं नमूद होतं. हरकऱ्यांनी तो कागद 'आवश्यक ती कार्यवाही झाली' असा शेरा मारून फाइलला लावला. भिंतीवरचा फलक, रंगरंगोटीच्या वेळी उतरवला होता, तो परत लागला नाही. नव्या भिंतीवर आता दानशूर देणगीदारांची नावं आहेत.

सामग्रीप्रमुखाचं पद रिकामं आहे. नव्या खोलीची किल्ली मेघाकडे असते. ती घ्यायला दुसरं कोणी तयार नाही.